आबेदाने बदललेलं अंथरूण

मित्रांनो, माझे केस आता पिवळट पडले आहेत आणि मागचा एक पाय धड उचलत नाही. तरुणपणी मी कापसासारखी शुभ्र होते. मी एक म्हातारी पांढरी उंदरीण आहे. मुळशीतल्या भरे गावात, मोहिद्दीन आणि आबेदा या नवरा-बायकोच्या पडवीत माझा जन्म झाला. ते दोघे आमची पैदास करत. माझी भावंडं पुण्याला कॉलेजांत प्रयोगांसाठी गेली, काही हौशी लोकांनी पाळायला नेली. मला मात्र आबेदाने पिल्लांसाठी ठेवून घेतलं.

अंथरुणाच्या बाबतीत आबेदा फार काटेकोर होती. भाताचा पेंढा ती कडकडीत उन्हात वाळवायची, विळीवर बारीक चिरायची, सुपात पाखडून धूळ काढायची. मग मूठभर पेंढा स्वतःच्या गालाला लावून बघायची. टोचला तर बाजूला टाकायची. पेटी साफ करताना माझ्या वासाचा थोडा कोरडा पेंढा ती मुद्दाम मागे ठेवी, म्हणजे मला परकं वाटत नसे. मी बाळंत व्हायला आले की ती पेटीच्या जाळीवर पोतं टाकून अंधार करी आणि म्हणे, "निवांत पड. तुला कुणी हात लावायचा न्हाई."

पाहायला येणारे तिचं कौतुक करत. मी तर तिच्या भरवशावरच जगत होते.

मग पिरंगुटला कारखाने आले. त्यांच्यासाठी लाकडी खोकी बनवण्याचं काम शेजारचा गेणबा करू लागला. त्या वर्षी दिवाळीपर्यंत पाऊस हटला नाही आणि पेंढ्याची गंजी भिजली. जो थोडा कोरडा उरला तो आबेदाने नुकत्याच व्यालेल्या म्हशीपुढे टाकला. आमच्यासाठी तिने गेणबाकडून लाकडाच्या भुशाचं पोतं मागून घेतलं.

"वहिनी, लाकडाला कीड लागू नये म्हणून औषध मारलेलं हाय," गेणबा म्हणाला. "जनावराखाली टाकू नगा."

तिने मूठभर भुसा नाकाशी नेला आणि शिंकली. तरी तो माझ्या पेटीत ओतला.

"अगं, ती आज-उद्या व्याईल," मोहिद्दीन म्हणाला.

"चार दिस काढंल ती. म्हशीच्या दुधावर घर चालतंय. हिचं काय अडतंय?"

माझी पिल्लं त्याच भुशात जन्मली. अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले. दूध पिताना भुसा त्यांच्या नाकातोंडाला चिकटे. ती धापा टाकू लागली. माझ्याही डोळ्यांतून लाल पाणी येई. मी चाटून चाटून त्यांची तोंडं साफ करत राहिले, पण एकेक पिल्लू माझ्या पोटाशीच गार पडत गेलं.

मी भुसा पायांनी उकरून एक कोपरा मोकळा केला. वरच्या पोत्याचे धागे जाळीतून दातांनी ओढले आणि त्यांचं घरटं केलं. त्यात उरलेली दोन पिल्लं नेऊन ठेवली.

पोत्याला भोक पडलेलं पाहून आबेदाने जाळी उघडली. मेलेली पिल्लं पाहिली, धाग्यांचं घरटं पाहिलं. ती गोठ्यात गेली आणि म्हशीपुढचा पेंढा उचलून घेऊन आली. तो घालायला तिने हात आत घातला, तेव्हा मी तिच्या बोटाला कडकडून चावले. त्याआधी मी कधीच कुणाला चावले नव्हते.

मोहिद्दीन धावत आला. "चावू दे," ती म्हणाली. तिने हात मागे घेतला नाही.

त्यानंतर तो भुसा पडवीत आला नाही. आबेदा पुन्हा पेंढा पाखडते, गालाला लावून बघते. तिला पश्चात्ताप झाला असेल. पण तो वास तिलाही आला होता, मित्रांनो, हे मला विसरता येत नाही. पेटीत कोंडलेल्या जिवाला आपलं अंथरूण निवडता येत नाही, नको म्हणून उठून जाता येत नाही. तुम्ही आम्हाला पाळाल, तर सोयीच्या दिवशी करता तेवढीच काळजी अडचणीच्या दिवशीही करा.

वाचलेल्या दोघांतली माझी लेक आता मोठी झाली आहे. आबेदाची चाहूल लागली की ती जाळीपाशी धावते. मी तिला अडवत नाही. मी कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून बसते.