भगवंतरावांची सही

पौर्णिमाची फाइल बघून भल्या भल्या कारकुनांनी कान पकडले असते. गल्लीचं रोडग्याचं जेवण परवावर, रविवारवर आलं होतं. महापालिकेची मंडपाची परवानगी, अग्निशमनचा दाखला, तात्पुरत्या विजेची पावती आणि विम्याचा कागद, सगळं कसं खुणा लावून जागच्या जागी. अमरावतीच्या त्या गल्लीत जेवणाचा विमा हे बोलणंच नवीन होतं. मागल्या वर्षी कणकेचे रोडगे भाजायच्या गोवऱ्यांची ठिणगी उडाली आणि मंडपाचं एक कापड जळून गेलं, तरी लोक म्हणाले, "चालतेच." अकोल्याची ही सून म्हणाली, "चालत नाही." मग काय, जो बोलेल त्याच्याच गळ्यात घंटा. सगळे कागद तिच्याकडे आले.

शुक्रवारी सकाळी पोलीस ठाण्यातून हवालदार किशोरचा फोन आला.

"म्याडम, लाउडस्पीकरची परवानगी तयार हाय. अर्जदाराले घेऊन या. हमीपत्रावर माह्यासमोर सही लागते."

"कोण अर्जदार?"

"तुमीच तं अर्ज देल्ला! भगवंतराव इंगळे."

भगवंतराव इंगळे, गल्लीचे कारभारी, मागच्या दिवाळीत वारले होते. त्यांच्या तेरवीला पौर्णिमानंच पंगतीत बुंदी वाढली होती!

चूक कशी झाली ते तिच्या ध्यानात आलं. मागच्या वर्षीचा अर्ज कॉम्प्युटरवर होता, तिनं नुसती तारीख बदलली. मोठी शहाणी! नाव तसंच राहिलं आणि तेच विम्यावरही चढलं. इथवर ठीक होतं, चूक माणसाच्या हातून होते. पण तिनं फाइल उघडली आणि अंगावर सरसरून काटा आला. दोन्ही कागदांवर भगवंतरावांची सही होती. मोठा भ, शेवटी लांब शेपूट, खाली दोन टिंबं. तिनं मागच्या वर्षीचा कागद शेजारी ठेवून पाहिला. तीच सही. सहा महिन्यांपूर्वी गेलेल्या माणसाची, निळ्या शाईची, ताजी सही.

त्या गल्लीत एक रीत होती. कागदांवर पेन्सिलीनं फुल्या मारायच्या, सकाळी इंगळ्यांच्या घरी ठेवायचे, संध्याकाळी सह्या झालेले घेऊन यायचे. समोर बसून सही घ्यायची नाही. का, ते नव्या सुनेला कोणी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. यंदाही तिनं कागद तसेच ठेवले, तसेच उचलले. गल्लीच्या कमिटीतल्या कोणाची तरी सही असेल म्हणून बघितलंसुद्धा नाही.

ती धावतच इंगळ्यांकडे गेली. भगवंतरावांची बायको मनकर्णाबाई ओसरीत रविवारच्या वरणाची तुरीची डाळ निवडत होती.

"काकू, ही सही कोणी केली?"

मनकर्णाबाईनं कागदाकडे पाहिलं, सूप खाली ठेवलं आणि उठून दार लावून घेतलं.

"माही हाय."

"तुम्ही? मेलेल्या माणसाची?"

"मले काय ठाऊक वो पोरी! मले कुठी वाचता येते! तू फुल्या मारून आनून देल्ल्या, मले वाटलं सालाबादप्रमानं त्याईचंच नाव असन. वाटलं, मानूस गेला तरी कागदावरचा जित्ता राहत असन."

"सालाबादप्रमाणे म्हणजे?"

"बावीस वर्स झाले. त्याईच्या हाताले थरथर सुटली तवापासून. जुन्या सहीवर पातळ कागद ठेवून महिनाभर गिरवून घेतली माह्याकडून, दार लावून. बोलनं त्याईचं, सही माही." तिनं पौर्णिमाचा हात घट्ट धरला. "मले जेलात टाकाचं तं टाका. पन त्याईले सही करता येत नव्हती, हे गल्लीत सांगू नको. तुले हात जोडतो. बावीस वर्स झाकलं मी."

जिनं नवऱ्याचं नाव उभ्या जन्मात तोंडानं घेतलं नाही, तिनं ते शेकडो वेळा लिहिलं होतं, आणि लिहिलं ते तिला वाचताही येत नव्हतं! पौर्णिमा नुसतीच त्या म्हातारीच्या बोटांकडे बघत राहिली.

विमा काढून देणाऱ्या मिस्बाहला तिनं फोन लावला तेव्हा मिस्बाहचीही बोबडी वळली. "मरेल मानसाच्या नावानं? ताई, परवा काही झालं असतं, तं हा कागद चुलीत घालाच्या कामाचा होता! जित्त्या अर्जदाराचा नवा कागद पाठवा, आजच बदलून देतो."

भगवंतरावांच्या घरचं कोणी असावं म्हणून दुपारी पौर्णिमा मनकर्णाबाईला घेऊन ठाण्यात गेली. तिसरे उस्मानचाचा, गल्लीचे शिंपी, कमिटीचे जुने सभासद आणि वरण शिजवायच्या मोठ्या गंजाचे मालक. पौर्णिमानं त्यांना एवढंच सांगितलं होतं, की जुनं नाव चुकून छापलं गेलं. हवालदारालाही तेच सांगितलं. सहीचा विषय निघू नये म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता.

किशोरनं कपाळावर हात मारला. "मेलेल्या मानसाले मी हमी मागून राहिलो! गुन्हा होते हा, म्याडम. जुना अर्ज वापस घ्या, नवा द्या. अर्जदार कोन?"

"मनकर्णाभाभी," उस्मानचाचा चटकन म्हणाले. "घर तेच, मान तोच."

पौर्णिमानं नवा अर्ज लिहिला. किशोरनं पेन पुढे केला. मनकर्णाबाईनं तो सराईतासारखा धरला, कागदावर टेकवला आणि हात भ कडे वळला. अर्ध्यावर ती थबकली. कपाळावर घाम आला.

"मले माहं नाव लिहिता येत नाही," ती अगदी हळू म्हणाली.

"मंग अंगठा द्या," किशोरनं शाईची डबी सरकवली.

"अंगठा नाही देत मी."

पौर्णिमाला वाटलं, आता हा हवालदार विचारणार, पेन तर बरा धरता येतो, मग आजवर लिहीत काय होतात? पण उस्मानचाचांनी खिशातून शिंप्याची पेन्सिल काढली. कापडावर खूण करावी तसं, सहीच्या जागी ठिपक्या ठिपक्यांनी नाव काढलं. मनकर्णा इंगळे.

"गिरवा, भाभी. पयले गिरवलं होतं ना, तसंच."

मनकर्णाबाईचा चेहरा पांढराफटक पडला. "तुमाले... ठाऊक हाय?"

"गल्लीले ठाऊक हाय. नाही तं कागद दिवसभर तुमच्या घरी कावून ठेवले असते आमी?"

"कोनं सांगतलं?"

"भाऊनंच. पयली सही केली तुमी, त्याच दिवशी माह्या दुकानात कागद घेऊन आला. सगळ्याइले दाखवला. म्हने, पाहा, आमच्या मनकर्णेची सही माह्यापेक्षा झाक हाय."

किशोरनं काही ऐकलंच नाही असं दाखवत जुन्या अर्जावर रेघ मारली. बावीस वर्षं मनकर्णाबाईनं ज्याच्यासाठी दार लावलं, तो बाहेर गल्लीभर तिचं कौतुक करत फिरला होता, आणि घरात मात्र एका अक्षरानं बोलला नव्हता.

"मले नाही सांगतलं कदी," ती म्हणाली. पौर्णिमाला तो राग वाटला, की रडू, ते कळलं नाही. तिचे स्वतःचेच डोळे भरून आले होते.

मग मनकर्णाबाईनं पदरानं घाम पुसला, पेन ठिपक्यांवर ठेवला आणि पहिल्यांदाच स्वतःचं नाव गिरवायला घेतलं. नाव पुरं झालं तशी तिनं खाली दोन टिंबं दिली.