पंचेचाळीस लिटर

त्या थापेत कारागिराचा फायदा सरळ होता. भावोजींचा जीव सुरक्षित, ताईच्या घरात शांतता आणि तिथल्या रविवारच्या जेवणाला टोमण्यांची सुट्टी. तोटा शोधूनही सापडेना. म्हणून त्याने पेन्सिलीला टोक काढलं आणि लाटांवर स्वार व्हायच्या नव्या फळीच्या पोटावर, जिथे फळी किती लिटरची तो आकडा लिहायची कारागिरांची रीत असते तिथे, साठऐवजी पंचेचाळीस लिहिलं.

"पंचेचाळीसच ना?" भावोजी मागून डोकावले. "नाहीतर म्हाताऱ्यासाठी होडी करून ठेवाल, मेहुणे!"

"तुमच्या शब्दाबाहेर आहे का मी?"

भावोजींचं वय अठ्ठावन्न, वजन ब्याण्णव. फळी अशी, की तिच्याखाली कमरेएवढा दांडा आणि दांड्याला पंख. लाटेने वेग दिला की फळी पाणी सोडून वर उठते आणि माणूस अधांतरी सुटतो. वर असेपर्यंत फळी केवढीही चालते. प्रश्न येतो पडल्यावर. मग तिच्यावर पालथं पडून हातांनी पाणी मारत परतायचं, आणि तेव्हा फळीत जितके लिटर, तितकाच तिचा आधार. लिटर कमी पडले की अर्धं अंग पाण्यात ओढत न्यावं लागतं आणि खांदे लवकर थकतात. किनाऱ्यावरची मंडळी मात्र उलटं मोजत. ज्याचा आकडा लहान, तो मोठा.

कारागिराने जादा जाडी मधोमध दडवली आणि कडा तासून पातळ केल्या. भावोजी सदऱ्यात पोट लपवत त्यापेक्षा हे काम पुष्कळच सफाईचं होतं. मोसम झकास गेला. ब्याण्णव किलोचा माणूस पंचेचाळीसवर उडतो, हे भावोजींनी ऐकणाऱ्याला सांगितलं आणि न ऐकणाऱ्याला थांबवून सांगितलं.

मग बसचा ड्रायव्हर आला. बावीस वर्षांत गाडीला ओरखडा न पडू दिलेला माणूस. ऐकीव गोष्टीवर त्याचा भरवसा नसे, म्हणून त्याने भावोजींची फळी उलटी करून आकडा स्वतः वाचला होता.

"मिस्त्री, मला हीच करा. वजन आमचं सारखं, वर मी यांच्यापेक्षा चार वर्षांनी लहान."

"तुम्ही साठ घ्या."

"का बरं?"

बाकावर बसलेले भावोजी खुशीत आले. "अहो, यांना बसची सवय! साठ सीटांखाली जमायचं कसं?"

ड्रायव्हर हसला, पण कान लाल झाले. "मिस्त्री, खरं सांगा. यांना चालते, मग मला का नाही?"

एका वाक्याचं काम होतं. कारागिराने भावोजींकडे पाहिलं. मग ताई आठवली, आणि रविवार.

"यांचा सराव जास्त आहे," तो म्हणाला. "पण करतो. पंचेचाळीसच करतो. महिनाभर थांबा."

मनात त्याने साठचीच फळी आखली होती. पण ड्रायव्हर महिनाभर थांबला नाही. सरावाचं बोलणं त्याला झोंबलं होतं. रस्त्याच्या टोकाला मोठं दुकान होतं, तिथून त्याने तयार फळी उचलली. तिच्यावरचा आकडा छापील होता, आणि खरा.

मंगळवारी सकाळी तो ती काखोटीला मारून कारागिराच्या दुकानावरून गेला.

"बघा, मिळाली पंचेचाळीस!"

कारागीर दारात आला. ओहोटी लागली होती आणि वारा जमिनीकडून समुद्रात चालला होता. भावोजी आसपास नव्हते. पण किनाऱ्यावर बोललेलं दुपारपर्यंत त्यांच्या कानावर जाई.

"आज नका जाऊ. पाणी बाहेर ओढतंय."

"जवळच असतो हो. सराव वाढवायचाय ना!"

कारागीर रंधा घेऊन खिडकीशी उभा राहिला. ड्रायव्हर एकदा उठला, सुरेख गेला, आणि खडकांपलीकडे पडला. मग त्याचे हात दिसू लागले. आधी भराभर. मग मोजून. मग एकेक, मध्ये थांबत. किनारा त्याच्याकडे येत नव्हता. कारागिराने फोन लावला आणि धावत सुटला. बचावाची बोट यायला चाळीस मिनिटं लागली. परत आणली ती नुसती फळी. माणूस तिसऱ्या दिवशी मिळाला.

दोन आठवड्यांनी त्याची बायको दुकानात आली. भावोजी बाकावर होतेच.

"मला त्यातलं कळत नाही," ती म्हणाली. "एवढंच सांगा, फळी चुकीची होती का? ते फार विचारून-सवरून घ्यायचे सगळं."

कारागिराने तोंड उघडलं. भावोजी आधी बोलले, आणि अगदी मायेने बोलले. "फळी बरोबर होती, वहिनी. मी स्वतः पंचेचाळीसच वापरतो. त्यांना झेपलं नाही, एवढंच."

तिने कारागिराकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला.

"मग त्यांचंच चुकलं," ती म्हणाली आणि पदर सावरून निघाली.

भावोजींची शान राहिली, ताईचं घर शांत राहिलं, कारागिराचं रविवारचं ताट राहिलं. ड्रायव्हरचा जीव गेला आणि बावीस वर्षांचं नावही. त्याची चूक तेवढी घेऊन ती पायऱ्या उतरली.