व्हर्ज, ब्रिंक आणि माझी सून

माझा मुलगा शब्दकोशाच्या कचेरीत आहे. इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ लावायचे, हे त्याचं काम. महिनाभर घरात एकाच गोष्टीचा कीस पाडणं चाललंय: व्हर्ज आणि ब्रिंक. दोन्हींचा अर्थ काठ, मग संपलं की! पण नाही. आमच्या पंडितांनी जेवणाच्या टेबलावर चिठ्ठ्या पसरल्यात, आणि मी नि सून ताटं मांडीवर घेऊन जेवतो.

सून नर्स आहे. दिवसभर पेशंटची कुरकुर ऐकून येते आणि तरीही माझे गुडघे चोळत गप्पा मारते. या घरात माझ्याशी बोलणारं तेवढंच एक माणूस. मुलगा बोलत नाही, चुका काढतो. तिचे वडील अत्यवस्थ होते तेव्हा तिच्या भावाचा इंग्रजीत मेसेज आला, "ऑन द व्हर्ज ऑफ डेथ" असा. तो वाचून हा म्हणतो कसा, "इथे ब्रिंक हवं होतं." जळलं मेलं ते ब्रिंक! असा संताप आला होता मला!

काल ती ड्यूटीवरून आली ती थेट कपाट उघडून बॅग भरायलाच लागली. मी टेबलाशी जाऊन मुलाला म्हटलं, "अरे, बायको चालली तुझी. ऊठ!"

त्याने मान वर केली. ती बॅग घेऊन समोर उभी राहिली. "किती दिवस सांगतेय तुला, आय अ‍ॅम ऑन द व्हर्ज ऑफ लीव्हिंग. तुला वाटलं, नुसतीच म्हणते."

"ब्रिंक," तो म्हणाला. "संसार मोडणं म्हणजे अनर्थ. अनर्थाच्या काठाला ब्रिंक म्हणतात. व्हर्ज काय, वाईटाला चालतं तसं चांगल्यालाही चालतं."

"मग बरोबरच म्हटलं मी," ती म्हणाली आणि बॅगेची चेन ओढली.

मी आमच्या ठोंब्याचा दंड धरून गदागदा हलवला. "थांब म्हण तिला! एवढं एकच म्हण, माझ्यासाठी म्हण."

आणि म्हणाला की हो! "थांब," म्हणत खुर्ची सारून उठलासुद्धा. ती थांबली. डोळे भरून आले तिचे, बॅग खाली ठेवली तिने. मी मनातल्या मनात हात जोडले.

"खरंच की," तो म्हणाला. चेहरा कसा उजळला होता मेल्याचा! "फार सुंदर उदाहरण आहे. कोशात घालतो. पुन्हा एकदा बोल बघू, अगदी तसंच."

ती बॅग उचलून माझ्याकडे वळली. "आई, खोली घेतलीय मी. तळमजल्यावर आहे, तुम्हाला बरी पडेल."

पोटच्या पोराला सोडताना जीव तुटेल असं वाटायचं मला. खोटं कशाला बोलू, नाही तुटला. मी गोळ्यांची पिशवी घेतली आणि चपला शोधायला लागले.

"आई, तू कुठे निघालीस?" तो ओरडला.

"सुनेकडे," मी म्हटलं. "राहायला."