उकिडवे बसून दाखवा

"अहो, पाय सैल सोडा की जरा. दगड करून ठेवलाय नुसता," डॉक्टर म्हणाले आणि सुई मिस्त्रींच्या उजव्या गुडघ्यात शिरली.

सभागृहामागच्या खोलीत टेबलावर कुणीतरी अर्धा खाऊन टाकलेला केक होता. त्यावर माशी बसली, तशी मिस्त्रींनी नजर भिंतीकडे वळवली.

"हे इंजेक्शन कशाचं?" लेकीनं विचारलं.

"बधिर करायचं. स्टेजवर त्रास नको."

"गुडघा बरा झालाय म्हणून दाखवणार ना? मग बधिर कशाला?"

डॉक्टर हसले. "ताई, वर्षभर तुमचे बाबा पळत होते की नाही? विचारा त्यांना."

ते खोटं नव्हतं. जन्मभर मिस्त्रींनी लोकांच्या घरांत गुडघे टेकून फरशा बसवल्या होत्या. सांध्यातली कूर्चा झिजून हाडावर हाड घासू लागलं, तेव्हा याच डॉक्टरांनी नवा प्रयोग सुचवला. मिस्त्रींच्याच हाडातून मूळ पेशी काढून वाढवायच्या, पातळ जेलमध्ये कालवायच्या आणि सुईनं सांध्यात सोडायच्या. आत अंगाच्या उबेनं जेल घट्ट होतं, पेशींना जागेवर धरून ठेवतं. पुढे जेल विरतं आणि तिथे नवी कूर्चा उरते.

"म्हणजे फटीत सिमेंट भरायचं!" मिस्त्री म्हणाले होते. डॉक्टरांना ते इतकं आवडलं, की तेव्हापासून प्रत्येक भाषणात ते स्वतःचं म्हणून सांगत.

वर्षभर पाय नवा वाटला. मग एका सकाळी बादली उचलताना आत काहीतरी सटकलं. तपासणीत दिसलं, की भरलेलं निसटून आलंय. "होतं काहींना असं," डॉक्टर म्हणाले. मिस्त्रींनी ते मान्यही केलं. प्रयोग होता, कुणी फसवलं नव्हतं. आज डॉक्टरांच्या या सभेत बोलावलं तेव्हा त्यांना वाटलं होतं, तेच सांगायचं असेल.

स्टेजवरच्या पडद्यावर मिस्त्रींचा गुडघा आला. आतून फोटो घेतलेला, भिंतीएवढा. लालसर पोकळीत भिजल्या कागदासारख्या चिंध्या लोंबत होत्या. समोर बसलेली माणसं कॉफीचे घोट घेत ते बघत होती. मग जेलनंतरचं गुळगुळीत चित्र आलं. निसटल्यानंतरचं चित्र आलंच नाही.

"काका, उकिडवे बसून दाखवा."

मिस्त्री बसले. टाळ्या वाजल्या.

"दुखतंय?"

"नाही."

खरंच दुखत नव्हतं. पाय लाकडाचा झाला होता.

"आणखी एकदा, फोटोसाठी."

ते पुन्हा बसले. डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, फोटो होताच तो हात उचलला आणि रुमालाला पुसला. मिस्त्रींच्या घशाशी आंबट आलं. कसेबसे बाहेर येऊन ते बेसिनवर वाकले आणि भडभडून ओकले. चूळ भरली, पुन्हा भरली. तोंडाची घाण जाईना.

मागे पोछा मारणारी बाई थांबली होती. "मी दारातनं बघितलं, दादा. काय झक्क बसलात! माझेही गुडघे गेलेत. हे डॉक्टर मलाही ये म्हणालेत. पण सुईनंतर महिनोन्‌महिने पायावर भार द्यायचा नाही म्हणे. म्हणजे काम सोडावं लागणार. धीर होत नव्हता. आता तुम्हाला बघून ठरवलं."

मिस्त्रींनी नळ बंद केला.

"सोंग होतं ते, बाई. पाय बधिर करून बसवलं मला. एक वर्ष टिकलं, मग निसटलं. काहींचं टिकतंय, पण माझं नाही टिकलं."

"मग आत का नाही सांगितलंत?"

मिस्त्रींनी तिच्याकडे बघायचं टाळलं. "टाळ्या वाजत होत्या," ते म्हणाले. त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

जेवणाच्या टेबलापाशी डॉक्टर ताट घेऊन उभे होते. मिस्त्री थेट त्यांच्यापुढे गेले. "त्या पोछावाल्या बाईंना माझं निसटल्यानंतरचं चित्र दाखवा. मग काय ते ठरवू द्या."

"काका, आधीच घाबरवलं तर येणार कोण? तुम्ही जेवून घ्या. पनीर छान झालंय."

"मी सांगितलंय त्यांना. या सगळ्यांनाही सांगतो. माझा गुडघा पुन्हा गेलाय, आणि मघाशी तो बधिर केलेला होता."

आसपासचे चमचे थांबले. डॉक्टरांचा घास तोंडातच राहिला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "पुढच्या तपासणीला या, मग बोलू."

"बसून दाखवायला दुसरा बघा कुणी."

बाहेरच्या पायऱ्यांवर येईतो पायाचा बधिरपणा ओसरू लागला. कठडा धरून, अंग तिरकं करून मिस्त्री एकेक पायरी उतरू लागले. मघाशी टाळ्या वाजवणारे काही जण मागून आले आणि खोळंबले.

लेक कानाशी म्हणाली, "बाबा, बाजूला होऊ या का? लोक बघतायत."

"बघू देत," मिस्त्री म्हणाले आणि दुखरा पाय सावकाश खालच्या पायरीवर टेकवला.