न्हाणीजवळचा तांब्याचा पैसा

मित्रांनो, मी एक जुने सुरुंगशोधक यंत्र आहे. एक लांब दांडा, खाली गोल तबकडी, सेलची पेटी आणि कानाला लावायचे दोन भोंगे, एवढाच माझा संसार. जमिनीत धातू असला की मी कानात गुणगुणतो. महायुद्धात मी चुकलो असतो तर माणसाचा पाय गेला असता. त्यामुळे जवान मला फार जपत.

युद्ध संपले आणि मी भंगारात गेलो. देवळालीच्या लिलावातून हवालदार इंद्रसिंग यांनी मला उचलले आणि तापीकाठच्या आपल्या गावी आणले. मग काय, कोणाची जोडवी हरवली, कोणाच्या वखराची लोखंडी पास मातीत गेली, की मला बोलावणे येई. रिकामा असलो की माळ्यावर धूळ खात पडे. लष्करी मापाचे सेल नंदुरबारच्या बाजारात मिळत नसत, म्हणून इंद्रसिंग मला पुरवून पुरवून वापरत.

साठ सालानंतर उकाईच्या धरणाची बातमी आली. गाव बुडणार होते. शेजारचे चुनीलाल पाटील सामान गाडीत भरत होते. आजोबांनी घरात चांदीचे राणीछाप रुपये पुरले आहेत, असे ते लहानपणापासून ऐकत आले होते. त्यांनी मला बोलावले. चुलीपाशी मी गुणगुणलो. अर्धा दिवस खणून निघाला एक मोडका विळा. डोंगर पोखरून उंदीर काढला, म्हणून सगळे मला हसले. मला वाईट वाटले. पण ओसरीत खरेच एक मडके लागले आणि त्यात रुपये निघाले. चुनीलालांनी माझ्या दांड्याला हळदकुंकू लावले.

आता सेल संपत आले होते. दुसरे मडके गोठ्यात असेल, असे चुनीलालांचे म्हणणे. तेवढ्यात त्यांची आई जसोदाबाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "इंद्रसिंगदादा, एक डाव न्हानीजवळ फिराव. तठे मन्ही पहिली पोरनी वार पुरेल शे. संगे तांबाना पैसा शे."

बाळंतपणानंतर पडणारी वार नाळेसकट गाडग्यात घालून न्हाणीजवळ पुरायची आणि सोबत एक पैसा ठेवायचा, ही तिकडची रीत. ती लेक दोन वर्षांची होऊन गोवराने गेली होती. घरात तिचे एक झबलेसुद्धा उरले नव्हते. एका पैशासाठी कशाला, असे चुनीलाल म्हणाले. गोठा राहील, याचीच त्यांना काळजी.

जसोदाबाई शांतपणे म्हणाल्या, "धरणनं पानी उनं का ती बुडी जाई. माले तिले संगे लई जानं शे."

इंद्रसिंगांनी भोंगे कानाला लावले. मला घेऊन ते न्हाणीकडे वळले. माझा आवाज अगदी बारीक झाला होता, पण त्यांना ऐकू आला. हातभर खाली फुटके गाडगे आणि हिरवा पडलेला पैसा निघाला. जसोदाबाईंनी तो पुसलाही नाही. मातीसकट पदराच्या टोकाला बांधला आणि त्या गाडीत जाऊन बसल्या. माझे सेल संपले, त्यानंतर मी पुन्हा गुणगुणलो नाही. गोठा तसाच पाण्याखाली गेला.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. घर सोडण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, कुठे खणू. चांदी असो की तांबे, मी सारखाच गुणगुणतो. कोणते बरोबर न्यायचे, ते मला कळत नाही.