दुखतंय म्हणता येईल अशी शाळा

भिंगरीला कोणत्या शाळेत घालायचं, या एका प्रश्नाने त्या घराची झोप उडवली होती. शाळा म्हणजे अभ्यासाची नव्हे, बॅलेची. अभ्यासाच्या शाळेवरून त्या घरात कधी एवढी चर्चा झाली नव्हती.

भिंगरी हे तिचं घरातलं नाव. चालायला लागल्यापासून ती सरळ अशी कुठे गेलीच नाही. स्वयंपाकघरातून दारापर्यंत जायचं तरी मध्ये एक गिरकी घ्यायची, म्हणून बाबांनी ठेवलेलं. आता तिला बारावं वर्ष लागलं होतं आणि गिरकी हा खेळ राहिला नव्हता. ओट्याची कड धरून ती रोज पायांचा सराव करी. आई भांडी विसळत असायची आणि शेजारी ही गुडघे वाकवून उभी. ओट्यावर माझा हक्क किती आणि तुझा किती ते एकदा ठरवून टाकू, असं आई म्हणायची, पण मनातून सुखावायची.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर मुलांना नाच शिकवणाऱ्या एका वयस्क बाईंकडे भिंगरी लहानपणापासून जात होती. एके दिवशी बाईंनी आईबाबांना बोलावून स्पष्ट सांगितलं, की माझ्याजवळ होतं ते मी हिला दिलं, आता हिला मोठी शाळा हवी. ही मुलगी गंमत म्हणून नाचत नाही. आईला आधी आनंद झाला आणि जिना उतरेपर्यंत त्या आनंदाची काळजी झाली. चुकीची शाळा निवडली तर? मुलीचं आयुष्य आपल्या हातून वाया गेलं तर?

आई पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसायची. नळाला पाणी नाही, पाणी गढूळ आहे, रस्ता खणून ठेवलाय, असं दिवसभर ऐकून तिचे कान किटायचे. त्यामुळे घरी तोंडातून चकार शब्द न काढणारी मुलगी आहे याचं तिला फार कौतुक. ताप अंगावर काढेल, पण कुरकुर करणार नाही, असं ती चारचौघांत सांगायची. आपण सगळेच असं सांगतो. मूल गप्प आहे म्हणजे गुणी आहे, असं आपण धरूनच चालतो.

शहरात बॅलेच्या शाळा दोनच. पहिलीचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं. काचेची दारं, चकचकीत फरशी आणि जिन्याच्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत बक्षिसं घेणाऱ्या मुलींचे फोटो. तिथल्या संचालिकाबाईंनी भिंगरीला उभं केलं, तिचे पाय हातांनी वाकवून पाहिले, पाठीवरून बोट फिरवलं आणि तिच्यासमोरच आईला म्हणाल्या, "हाडं उत्तम आहेत. कमरेपाशी जरा सुटलीय, ती आवरावी लागेल. बोटांवर उभं राहायचे बूट आपण लगेच चढवू, उगाच वेळ घालवायचा नाही." भिंगरीने नकळत पोट आत ओढलं. आईने ते पाहिलं, आणि शिकण्याची तयारी दिसतेय, असा त्याचा अर्थ लावून ती मान डोलवत राहिली.

दुसरी शाळा एका बंद पडलेल्या छापखान्याच्या जागेत होती. भिंतींचे पोपडे निघालेले, पण लाकडी जमीन मात्र नवी आणि स्वच्छ. तिथले सर कमी बोलायचे. त्यांनी आईबाबांना खुर्च्या दिल्या आणि वर्ग तसाच पुढे चालू ठेवला. मध्येच एक मुलगी गिरकी घेता घेता धपकन बसली. ती स्वतःच हसली, सरही हसले, मग त्यांनी तिला तीच गिरकी सावकाश घ्यायला लावली. शेवटी भिंगरीला नाचायला लावून सर म्हणाले, की मुलगी फार चांगली आहे, पण घोटे अजून तयार नाहीत. बोटांवरच्या बुटांसाठी वर्षभर तरी थांबावं लागेल.

आईला ते लागलं. बाहेर पडल्या पडल्या ती बाबांना म्हणाली, की ही काय शाळा, पडलं तरी हसतात आणि पुढे जायचं म्हटलं तर थांबा म्हणतात. बाबा वातानुकूलन यंत्रांची दुरुस्ती करायचे. ते म्हणाले, "बाहेरून चकाचक आणि आत गॅस संपलेली यंत्रं मी रोज बघतो. बाकी मला नाचातलं काही कळत नाही." आईने त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी पुढचं वाक्य गिळलं.

आईने काचेच्या दारांची ती मोठी शाळाच धरली. तिथे प्रवेशाआधी काही आठवडे परीक्षेचे असत. तेवढ्यात मुलगी कशी आहे ते बघणार आणि मग ठेवायचं की नाही ते ठरवणार. भिंगरी रोज दुपारी तिथे जाऊ लागली. पालकांना वर जायची मुभा नव्हती. खालच्या बाकांवर आया बसत आणि हळू आवाजात बोलत. कोणाची मुलगी पुढच्या रांगेत गेली, कोणाची मागे आली, हाच विषय. मध्येच एखादीचं नाव निघे आणि कोणीतरी म्हणे, "ती ना? ती टिकली नाही." मग घाईने दुसरंच काहीतरी बोलणं निघे. टिकली नाही म्हणजे काय झालं, हे आईने कधी विचारलं नाही. विचारायची भीतीच वाटली.

घरात हळूहळू काहीतरी बदलत गेलं. भिंगरी ताटातलं अर्धं बाजूला सारू लागली. भूक नाही, म्हणायची. ओट्यापाशी उभी राहायची, पण पूर्वीसारखं गुणगुणायची नाही. आणि एका सकाळी आईने पाहिलं, की ती जिना एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, कठडा धरून उतरतेय. काय झालं, असं आईने वरून विचारलं. काही नाही, असं खालून उत्तर आलं.

त्या दिवशी खिडकीवर लोक बोलत होते आणि आईला ऐकू येत नव्हतं. एका माणसाची तक्रार तिने दुसऱ्याच्या नावावर नोंदवली. बाबांनी आदल्या दिवशी म्हटलं होतं, की पोरगी सुकत चाललीय, आणि ती त्यांच्यावर खेकसली होती, की मोठं व्हायचं तर एवढं सोसावंच लागतं. आता तेच वाक्य तिच्या डोक्यात घणासारखं वाजत होतं. काम संपताच ती तडक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर गेली.

जुन्या बाई खुर्च्या मांडत होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, की त्या शाळेतल्या कोणत्या मुली तुम्ही पाहिल्यात. आई म्हणाली, फोटो पाहिलेत, कितीतरी मुली मोठमोठ्या रंगमंचांवर नाचतायत.

"त्या भिंतीवरच्या झाल्या," बाई म्हणाल्या. "ज्या भिंतीवर नाहीत, त्या कुठे आहेत?"

आई चिडली. एवढे पालक मुलींना तिथे पाठवतात, ते सगळे काय वेडे आहेत, असं तिने विचारलं. नाच म्हटला की पाय दुखणारच, हे तुम्हीच शिकवलंत ना, हेही सुनावलं.

"दुखणारच," बाई म्हणाल्या. "मी खोटं कशाला बोलू? पण एक दुखणं मेहनतीचं असतं आणि एक मोडण्याचं. कोणतं कुठलं, हे फक्त ज्याचा पाय आहे त्यालाच आतून कळतं. म्हणून मुलीला ते बोलता आलं पाहिजे आणि बोलल्यावर ऐकणारं तिथे कोणीतरी असलं पाहिजे. शाळा निवडताना वर्गातल्या सगळ्यात चांगल्या मुलीकडे बघू नका. जिला जमत नाहीये तिच्याशी शिक्षक कसे बोलतात, ते बघा. उद्या तुमच्या मुलीलाही काहीतरी जमणार नाहीच."

दुसऱ्या दिवशी आईने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि वर्ग चालू असताना मोठ्या शाळेत जाऊन उभी राहिली. मला वर्ग बघायचाय, म्हणाली. स्वागतकक्षातल्या मुलीने हसून सांगितलं, की पालक दिसले की मुली लाडावतात, म्हणून तशी परवानगीच नाही. मी नुसती बाहेर बसते, असं म्हणून आई ऐकलं न ऐकलंसं करत जिना चढली. वरच्या व्हरांड्यात एक बाक होता, पलीकडे हात धुवायची जागा आणि आरसा. बंद दारामागून पियानोचा आवाज येत होता आणि त्यावरून संचालिकेचा. शब्द कळत नव्हते.

मग दार उघडलं आणि भिंगरी बाहेर आली.

तिचं आईकडे लक्ष नव्हतं. भिंतीला धरत ती नळापाशी गेली, बूट काढला आणि सुजलेलं पाऊल उचलून धारेखाली धरलं. दुसऱ्या हाताची बाही तिने तोंडात कोंबली होती, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. थोड्या वेळाने नळ बंद करून, पाऊल पुसून, तिने ते पुन्हा बुटात दाबून बसवलं. मग आरशात बघून हसली. ते हसू नीट बसलं नाही, म्हणून पुसून पुन्हा आणलं.

"भिंगरी," आई म्हणाली.

मुलगी दचकून वळली. तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "आई, मी रडत नव्हते गं."

आई समोर दिसल्यावर मुलीला आधार वाटला नव्हता. ती पकडली गेली होती!

आईने तिचा हात धरला तशी ती गयावया करू लागली, की संचालिकाबाईंना सांगू नकोस, ज्या दुखतंय म्हणतात त्यांना मागच्या रांगेत टाकतात आणि मग काढून टाकतात. एवढ्यात संचालिका दारात आल्या. त्या ओरडल्या नाहीत. निर्णय तुमचा आहे, एवढंच म्हणाल्या. आमच्याकडे मुलींची रांग आहे, आज हिला नेलंत तर उद्या ही जागा हिची असेलच असं नाही. आईपुढे एका बाजूला ते सुजलेलं पाऊल, दुसऱ्या बाजूला मुलीचं स्वप्न, आणि ते मोडणारी आपणच असू ही धास्ती. भिंगरी तर रडत म्हणत होती, "मला राहायचंय. तू नको ना मध्ये पडू."

आईने खाली वाकून तिच्या बुटाच्या फिती सोडल्या आणि तिला पाठुंगळी घेऊन जिना उतरली.

डॉक्टरांनी पावलाचा एक्स-रे काढला. हाडाला बारीक चीर गेली होती. आणखी थोडे दिवस असंच चाललं असतं तर नाचच काय, धड चालणंही अवघड झालं असतं, असं ते म्हणाले. पायाला प्लास्टर बसलं. बाबांनी त्या प्लास्टरवर एक वाकडातिकडा बेडूक काढून पाहिला, पण भिंगरी हसली नाही. ती आईशी बोलतच नव्हती. ओट्याशी यायची नाही, खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. आई भांडी विसळताना स्वतःला विचारत राहायची, की मी तिला वाचवलं की तिचं सगळं हिरावून घेतलं. मोठ्या शाळेतून निरोप आला, जागा भरली. त्या रात्री आईने ताट तसंच झाकून ठेवलं.

बऱ्याच दिवसांनी आईने तिला विचारलं, की छापखान्यातल्या शाळेत नुसतं बसून यायचं का. शिकायला नको, फक्त बघायला. भिंगरीने खांदे उडवले. नाही म्हणाली नाही, एवढंच.

सरांनी तिच्यासाठी खुर्ची ठेवली आणि प्लास्टरखाली एक स्टूल. वर्ग सुरू झाला. अर्ध्यात एका मुलीने हात वर केला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, सर, गुडघ्याच्या आत टोचतंय. भिंगरी एकदम ताठ बसली. सरांनी पियानो थांबवायला लावला, गुडघा पाहिला, चार प्रश्न विचारले, मग तिला खुर्चीत बसवून म्हणाले, आज तू हातांचा नाच कर. ती मुलगी बसल्या बसल्या हात फिरवू लागली आणि वर्ग पुन्हा चालू झाला. कोणी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. काही वेळाने भिंगरीचे हातही मांडीवरून उचलले गेले. आधी बोटं, मग मनगटं.

परतताना रस्त्यात तिने कितीतरी दिवसांनी तोंड उघडलं. "त्या मुलीला काढून टाकतील का?"

"नाही," आई म्हणाली.

"मग तिला सांगायची भीती नाही वाटली?"

आई म्हणाली, "तुला मात्र वाटत होती. माझीसुद्धा. ती चूक माझी होती, भिंगरी. तू कधी कुरकुर केली नाहीस, म्हणून मी तुझं कौतुक करत राहिले."

आईच्या हातातला हात भिंगरीने काढून घेतला नाही. घर आल्यावर म्हणाली, की पाय बरा झाला की त्या सरांकडे जाईन, पण बूट मिळायला वर्ष लागेल ना? लागेल, असं आईने सांगितलं. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, चालेल.

ही मुलगी पुढे मोठी नर्तकी होईल की नाही, ते आज कोणीच सांगू शकत नाही. आईची काळजीही संपलेली नाही. ती कोणत्या आईची संपते? पण आपल्या मुलांसाठी शाळा, वर्ग, मैदान शोधत फिरणाऱ्या आपण सगळ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. भिंतीवरची बक्षिसं मोजून शाळा कळत नाही. तिथे मुलाला 'मला दुखतंय' असं म्हणता येतं का, आणि म्हटल्यावर त्याचं काय होतं, हे आधी विचारावं. त्याहून आधी तोच प्रश्न स्वतःच्या घराला विचारावा. गप्प बसणाऱ्या मुलाला गुणी म्हणून आपण मोकळे होतो, आणि ते बिचारं आपलं कौतुक टिकवण्यासाठी मोडेपर्यंत सोसत राहतं.

प्लास्टर निघाल्यावर पहिल्या दिवशी सरांनी भिंगरीला जमिनीवर बसवलं, पाऊल हातात घेतलं आणि हळूहळू दाबत विचारलं, इथे? इथे? आई दारापाशी उभी होती. भिंगरीने आधी तिच्याकडे पाहिलं, मग सरांकडे. ओठ दाबले, सोडले.

"हो," ती म्हणाली. "इथे दुखतंय."

आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.