हातचे दोन किलो

मनगटापाशी एक चुणी राहिलीच. सूज दाबून ठेवणारी बाही, अंगाच्याच रंगाची, घट्ट विणीची. छातीतली गाठ काढल्यावर उजवा हात सुजायला लागला तेव्हापासून रोज सकाळी ती रबरी हातमोज्याने सारत सारत वर चढवायची – आणि आज बाही कोपरापाशी अडून बसली होती.

"ओढू का?" नवऱ्याने दारातून विचारलं.

"ओढाल आणि फाडाल."

बाही आटली असेल. कापड आटतं, माणूस कुठे आटतं... पण मग हात? आज जडही वाटतोय, आणि जड म्हणजे – तो शब्द ती मनातसुद्धा पुरता उच्चारत नसे. परत आला असेल?

ती वजनकाट्यावर चढली. आकडा वाढला होता. सवयीने तिने त्यातून दोन किलो वजा केले. हाताचे. आजाराने लादलेलं ओझं मी माझ्या नावावर का मांडू? एरवी या हिशेबाने कसं बरं वाटायचं, जेवताना मन खायचं नाही. आज मात्र वजाबाकी अंगाशी आली, कारण वाढलेलं सगळं हाताचं म्हणावं तर हात वाढतोय, आणि हात वाढतोय म्हणजे... जन्मभर पोरांना गणित शिकवलं, आणि आता स्वतःचंच उत्तर बघायची छाती होईना.

वर्गात तिने डाव्या हाताने फळ्यावर लिहिलं. अक्षर कोंबडीचे पाय. पोरं खुसखुसली, तीही हसली, पण लक्ष सगळं कोपरात. शाळा सुटल्यावर ती तडक दवाखान्यात, हाताचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओपुढे जाऊन बसली. मुलीच्या वयाची, पण रागवायची मात्र आईसारखी.

तिने टेप लावली, अंगठ्याने दाबून पाहिलं. "हात होता तेवढाच आहे. मऊही आहे. क्रीम लावून लगेच बाही चढवलीत ना?"

"...हो."

"मग अडकणारच. क्रीम रात्री लावायचं."

"आणि वजन?"

"ते तुमचं वाढलंय. हाताचं फार तर अर्धा किलो."

तिने दोन किलोंची गोष्ट सांगून टाकली. फिजिओ टेप गुंडाळायची थांबली. "गणिताच्या ना तुम्ही? अहो, हातचा मिळवायचा असतो, वजा काय करता? वजन उतरवा, सूजही ऐकेल."

खरं तर ओशाळायला हवं होतं. पण पायऱ्या उतरताना तिला आतून गुदगुल्या झाल्यासारखं वाटत होतं. म्हणजे हे माझं आहे. नवऱ्याच्या ताटात उरलेलं, शिक्षकांच्या खोलीतले सगळ्यांच्या वाढदिवसांचे केक, स्वयंपाक करताना 'चव बघते' म्हणून खाल्लेलं – औषधांच्या दिवसांत पाण्याचासुद्धा वास सहन होत नव्हता, आणि नंतर एक दिवस ती निलाजरी भूक परत आली होती, आणि मी तिला नाही म्हटलं नव्हतं... कशी म्हणणार?

भीती गेली असं नाही. पुढच्या तपासणीच्या आदल्या दिवशी ती येऊन बसेलच. वजनही उतरेल, न उतरेल, कोण जाणे. उद्यापासून पंगतीत हात आखडता घ्यावा लागणार एवढं नक्की. पण रस्त्याने चालताना तिने पोटावर हात ठेवला आणि स्वतःशीच म्हणाली, बाई गं, एवढं खाल्लंस कधी? आणि तिला हसू आवरेना.